पिकअपला सुपरचार्जर बसवला तर अ‍ॅव्हरेज वाढतं का?

बेदाणा_एक्सप्रेस, तासगाव

मंडळी, एक सल्ला हवाय. माझ्याकडे बीएस-४ डिझेल पिकअप आहे, अडीच लिटरचं इंजिन, कंपनीचाच टर्बो. सीझनला द्राक्षं घेऊन वाशी, बाकी वर्षभर हळद-बेदाणा सांगली यार्डात आणि मिळेल ते भाडं. भरल्या गाडीला पूर्वी १२-१३ चं अ‍ॅव्हरेज सहज पडायचं, आता १०-११ वर आलंय. येताना पुण्याहून खत किंवा हार्डवेअरचा माल असला की खंबाटकीला दुसरा गिअर सुटत नाही. मागून काळा धूरही दिसतो.

आमच्या भागातला एक गॅरेजवाला म्हणतो, अमेरिकेत पिकअपला सुपरचार्जर टाकतात, तसा तुला बसवून देतो. ओढ वाढेल, गिअर कमी पाडावे लागतील, अ‍ॅव्हरेज दोनने वाढेल. खर्च सव्वा लाख सांगतोय. कोणी बसवलाय का? हंगाम तोंडावर आलाय, पैसे घालायचे तर आत्ताच घालायला हवेत.

कृष्णाकाठ, सांगली

टर्बो आहे ना आधीच? मग त्याच्यावर आणखी सुपरचार्जर कशाला?

माणदेशी_गडी, आटपाडी

सव्वा लाखाचं डिझेलच भर की भावा! उरलं तर आमची डाळिंबं पण नेऊन टाक वाशीला.

पंप_नोझल, मिरज

बेदाणाभाऊ, पैसे देऊ नका, आधी हे वाचा. जरा लांबड लागेल.

टर्बो आणि सुपरचार्जर दोघांचं काम एकच, इंजिनात जास्त हवा कोंबायची. टर्बोचा पंखा सायलेन्सरकडे जाणाऱ्या गरम धुरावर फिरतो, म्हणजे जी ताकद वाया जाणार होती त्यातली थोडी तो वापरतो. सुपरचार्जर क्रँकच्या पुलीवरून पट्ट्याने फिरतो. त्याला लागणारी ताकद इंजिनातूनच जाते. मी ढोबळ हिशोब केला: अडीच लिटरचं इंजिन, ३००० आरपीएम, अर्धा बार दाब. ब्लोअर, म्हणजे हा सुपरचार्जरच, फिरवायलाच आठेक हॉर्सपॉवर लागतात. ते डिझेल तुमच्याच टाकीतलं.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. पेट्रोलला हवेची झडप असते, एक किलो पेट्रोलमागे साधारण १४.७ किलो हवा हे माप सांभाळावं लागतं. डिझेल इंजिन मुळातच गरजेपेक्षा जास्त हवेवर चालतं आणि ताकद ठरते ती नोझलने किती डिझेल फवारलं यावर. नुसती हवा वाढवली आणि डिझेल तेवढंच ठेवलं तर ताकद नावालाच वाढणार. ताकद पाहिजे तर डिझेल वाढवावंच लागतं. मग अ‍ॅव्हरेज वाढण्याची बात कुठून येते?

आता तुमच्या गाडीचं. काळा धूर, ओढ गेली, अ‍ॅव्हरेज पडलं, ही तिन्ही लक्षणं एकत्र असली की डिझेल पुरेसं आहे आणि हवा कमी पडतेय. पण हीच गाडी आधी बरोबर चालत होती. म्हणजे कंपनीच्या टर्बोची हवा कुठेतरी वाटेत जातेय नाहीतर टर्बो पूर्ण दाब देत नाही. एअर फिल्टर उघडून बघा. टर्बोपासून इंटरकूलर (दाबलेली गरम हवा थंड करणारी जाळी) आणि तिथून इंजिनापर्यंतचे होज पाइप आणि त्यांचे क्लिप बघा. फुगून चिरलेला पाइप वरून दिसत नाही, दाबावर आला की फाकतो. टर्बोचा दाब कमीजास्त करणाऱ्या अ‍ॅक्च्युएटरची बारीक व्हॅक्यूम नळी बघा. ईजीआरमध्ये, म्हणजे थोडा धूर परत इंजिनात सोडणाऱ्या झडपेत, काजळी साचलीय का बघा. नोझल शेवटी काढा, कारण तो खर्चाचा भाग आहे आणि बऱ्याचदा दोष तिथे नसतो.

कृष्णाकाठ, सांगली

हे पटलं. ठिबकची नळी फुटली म्हणून कोणी विहिरीवर मोठी मोटर बसवत नाही.

ह्यूस्टनचा_मिरजकर

अमेरिकेचा दाखला दिलाय म्हणून इकडचं सांगतो. इथे पिकअपवर सुपरचार्जर दिसतात ते बहुतेक मोठ्या पेट्रोल व्ही-८ इंजिनांवर. लोक बसवतात ते जोरात पळायला, मागे बोट किंवा घोड्यांची गाडी ओढायला आणि हौसेला. मायलेजसाठी बसवला म्हणणारा मला अजून भेटलेला नाही.

कंपनीनेच बसवून विकलेलं उदाहरण घ्या. रॅम टीआरएक्स नावाची पिकअप, ६.२ लिटर, सुपरचार्जर, ७०२ हॉर्सपॉवर. इथल्या सरकारी चाचणीचा तिचा एकत्रित आकडा गॅलनला १२ मैल. आपल्या हिशोबात लिटरला ५ किलोमीटरच्या जरासा वर. तीही माल न भरता.

पण एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. चांगल्या किटमध्ये बायपास झडप असते. सपाट रस्त्यावर एका वेगाने, हलक्या पायाने चाललात की ती उघडते आणि हवा आतल्या आत फिरते, ब्लोअरवर दाब येत नाही. अशा वेळी इंधनाचा फरक थोडाच पडतो. पाय दाबलात की मात्र खरा खर्च सुरू होतो. पेट्रोलमध्ये दाब वाढला की इंजिन ठोकायला लागतं. ते टाळायला ठिणगी उशिरा द्यावी लागते, मिश्रणात जादा पेट्रोल घालून आतलं तापमान खाली ठेवावं लागतं, शिवाय महागडं जास्त ऑक्टेनचं पेट्रोल भरावं लागतं. आणि हाताशी ताकद आली की पाय दाबला जातोच.

रिमॅप_झिंदाबाद, कराड

सगळे एकाच बाजूने बोलताय म्हणून लिहितो. सुपरचार्जरचं मला माहीत नाही, पण माझ्या पिकअपचं ईसीयू रिमॅप केलं, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलली, आणि अ‍ॅव्हरेज वाढलं. चिपळूणहून कुंभार्ली चढताना आधी दुसऱ्या गिअरवर इंजिन किंचाळायचं, आता तिसऱ्यावर गाडी आरामात येते. भरल्या गाडीला ११ पडायचं, १२ पडायला लागलं. वहीत लिहिलंय. ताकद वाढली की अ‍ॅव्हरेज पडतं हा सरसकट नियम नाही.

पंप_नोझल, मिरज

रिमॅपभाऊ, तुमचा आकडा मला खोटा वाटत नाही. कमी आरपीएमवर जास्त टॉर्क (ओढ) मिळाला आणि तुम्ही वरच्या गिअरवर, तेवढ्याच वेगाने चढलात, तर इंजिनातलं घर्षण कमी होतं आणि थोडं डिझेल वाचतं. शर्त एकच, वेग तेवढाच हवा. वाढलेल्या ताकदीने घाट दहा मिनिटं लवकर चढायला लागलात की ते वाचलेलं डिझेल गेलं.

दुसरी बाजूही बघा. कंपनीने क्लच प्लेट, गिअरबॉक्स, हेड गॅस्केट हे सगळं एका टॉर्कला धरून बनवलेलं असतं. रिमॅपमध्ये डिझेल आणि दाब दोन्ही वाढवतात. भरलेली गाडी सलग वीस मिनिटं चढावर असली की सायलेन्सरकडच्या धुराचं तापमान वाढत जातं आणि ते आधी टर्बोला खातं. मोकळ्या कारला जे चालतं ते दीड टन लोडच्या पिकअपला चालेल असं धरू नका.

रिमॅप_झिंदाबाद, कराड

वेगाचं बरोबर आहे. मी घाटात घाई करत नाही, मागे माल असतो. क्लच प्लेटवर लक्ष ठेवतो.

घाटवाट, वाई

मी वाईहून पाचगणी-महाबळेश्वरला बांधकामाचं सामान आणि किराणा नेतो, त्यामुळे पसरणी घाट रोजचाच. एक हिशोब मांडतो, तो समजला की पुढे कुठलंही यंत्र कोणी विकायला आलं तरी माणूस फसत नाही.

वाई ते पाचगणी चढ साधारण पावणेसहाशे मीटरचा. गाडी आणि माल मिळून ३ टन धरा. एवढं वजन एवढ्या उंचीवर उचलायलाच सुमारे १७ मेगाज्यूल ऊर्जा लागते. एक लिटर डिझेलमध्ये ३६ मेगाज्यूलच्या आसपास असतात, त्यातला साधारण ३५ टक्के भाग चांगलं डिझेल इंजिन चाकापर्यंत आणतं, बाकी उष्णता म्हणून जातो. म्हणजे लिटरमागे साडेबारा मेगाज्यूल कामाचे. नुसत्या उंचीसाठीच सव्वा ते दीड लिटर डिझेल लागणार. रस्त्याचं घर्षण, वळणं, एसी हे वेगळं.

उंचीचे हे १७ मेगाज्यूल टर्बोने, सुपरचार्जरने, चिपने, कशानेच वाचत नाही. वजन कमी करा नाहीतर डोंगर कमी करा. वाचवता येतं ते उरलेल्या ६५ टक्क्यांत आणि तिथेही कंपनीच्या इंजिनिअरांनी बरंच पिळून काढलेलं असतं.

मात्र घाटवाल्यांसाठी टर्बोचा एक खरा फायदा आहे. महाबळेश्वर साडेतेराशे मीटरवर, तिथली हवा समुद्रसपाटीपेक्षा १२ टक्क्यांच्या आसपास विरळ. जुन्या बिनटर्बोच्या गाड्या वर गेल्या की दम टाकायच्या, धूर सोडायच्या. टर्बो जास्त फिरून ती तूट भरून काढतो. म्हणून बेदाणाभाऊ, तुमच्या गाडीचा टर्बो आजारी असेल तर तो सगळ्यात आधी घाटातच कळणार.

माणदेशी_गडी, आटपाडी

घाटवाट सर, दहावीला तुम्ही असता तर आमचं गणित सुटलं असतं. लई भारी समजावलं.

खातेवही, इस्लामपूर

आमच्या घरच्या गाड्यांचं डिझेल आणि भाड्याचं पुस्तक मी बघते. इंजिनातलं मला कमी कळतं, पैशाचं कळतं.

गॅरेजवाल्याचं म्हणणं अक्षरशः खरं धरू. ११ चं १३ झालं. १०० किलोमीटरला आधी ९.०९ लिटर लागायचं, आता ७.६९. वाचलं १.४ लिटर. डिझेल नव्वदच्या आसपास धरलं तर १०० किलोमीटरमागे १२६ रुपये. सव्वा लाख वसूल व्हायला जवळजवळ एक लाख किलोमीटर. त्यात पट्टे, बेअरिंग, जादा सर्व्हिसिंग धरलेलं नाही. हंगामी धंद्यात एक लाख किलोमीटर म्हणजे किती हप्ते, ज्याचं त्याने मोजावं.

आणि दादा, अ‍ॅव्हरेज बघताना लोड सोबत लिहिता का? आमच्याकडे चालक म्हणायचे गाडी बिघडली, अ‍ॅव्हरेज पडलं. पुस्तक तपासलं तर कळलं की भाडं तेच ठेवून माल वाढला होता. आता आम्ही तारीख, लोड, किलोमीटर, लिटर आणि रस्ता घाटाचा की सपाट, एवढं लिहितो. भांडणं थांबली.

बेदाणा_एक्सप्रेस, तासगाव

खातेवही ताई, लोड काटा पावतीवरून कळतो, पण अ‍ॅव्हरेजच्या शेजारी लिहिलेला नाही. आजपासून लिहितो. लोड वाढलेला नाही एवढं नक्की, द्राक्षाची कॅरेट मोजूनच चढतात.

यवतेश्वर, सातारा

थोडं अवांतर. सुपरचार्जर हे नवीन खूळ आहे असं वाटत असेल तर तसं नाही. रूट्स बंधूंनी अमेरिकेतल्या इंडियानात हवेच्या ब्लोअरचं पेटंट १८६० चं घेतलं, तेही लोखंडाच्या भट्ट्यांना हवा मारायला उपयोगी पडलं. मोटारगाड्यांत तो नंतर आला. टर्बोचं पेटंट स्विस इंजिनिअर आल्फ्रेड ब्यूखी यांचं, १९०५ सालचं. म्हणजे आपल्या किर्लोस्करवाडीचा कारखाना १९१० ला उभा राहायच्याही आधी.

कृष्णाकाठ, सांगली

किर्लोस्करवाडीचं नाव काढलंत! नदीकाठच्या उपसा स्कीमवर जुनी एक सिलिंडरची डिझेल इंजिनं असायची, संथ फिरणारी. आजोबा आवाजावरून सांगायचे, लोड बरोबर आहे की नाही. तासाला किती डिझेल गेलं हे बांबूच्या काडीने मोजायचे. आता मोबाईलमध्ये सगळं दिसतं, पण तो कान गेला.

यवतेश्वर, सातारा

असे कान असलेले मिस्त्री साताऱ्यात अजून आहेत. पोवई नाक्याच्या मागे एक म्हातारे आहेत, गाडी चालू करा म्हणतात आणि डोळे मिटून ऐकतात. नाव देत नाही, गर्दी होईल.

जुने_इंजिन, विटा

विषयावर येतो. ब्लोअर डिझेलला नसतोच असं काही नाही. अमेरिकेतल्या डेट्रॉइट डिझेलच्या टू-स्ट्रोक इंजिनांना रूट्स ब्लोअर कंपनीतूनच असायचा.

पंप_नोझल, मिरज

बरोबर, पण तिथे त्याचं काम वेगळं. टू-स्ट्रोक डिझेल स्वतः हवा ओढू शकत नाही, जळका धूर बाहेर ढकलून ताजी हवा आत भरायला ब्लोअर लागायचाच. त्याच्याशिवाय इंजिन चालूच होणार नाही. आपल्या पिकअप फोर-स्ट्रोक आहेत, त्या पिस्टनने हवा ओढतात.

नवीन_इंजिनिअर, सांगली

मी यंत्र शाखेच्या शेवटच्या वर्षाला आहे, एक मुद्दा मांडू का? फोक्सवॅगनने २००५ मध्ये १.४ लिटरच्या पेट्रोल इंजिनावर सुपरचार्जर आणि टर्बो दोन्ही बसवले होते, उद्देशच इंधन वाचवण्याचा होता. म्हणजे सुपरचार्जरने अ‍ॅव्हरेज सुधारू शकतं ना?

घाटवाट, वाई

चांगला प्रश्न. तिथे अ‍ॅव्हरेज सुधारलं ते इंजिन लहान केल्यामुळे. मोठ्या इंजिनाची ताकद छोट्या इंजिनातून काढली आणि छोट्याचं घर्षण कमी, वजन कमी. खालच्या आरपीएमवर टर्बोला धूर पुरत नाही म्हणून तेवढ्यापुरता सुपरचार्जर, वर गेलं की क्लच सुटून तो बंद. बेदाणाभाऊंचं इंजिन अडीच लिटरचं आहे आणि अडीच लिटरचंच राहणार. त्यावर ब्लोअर चढवला तर घर्षण तेवढंच, वर पट्ट्याचा भार.

नवीन_इंजिनिअर, सांगली

समजलं सर. डाऊनसायझिंग आधी, सुपरचार्जर त्याच्या मदतीला. धन्यवाद.

पासिंगवाला, सातारा

सगळ्यांनी तांत्रिक लिहिलं, कायदा कोणी काढला नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की आरसीवरची माहिती आणि कंपनीने बनवलेली गाडी यात फरक पडेल असा बदल करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२अ प्रमाणे असा बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा ६ महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. सीएनजी किटसारख्या गोष्टींना मंजूर किट आणि आरसीवर नोंद असा रीतसर रस्ता आहे. गॅरेजमध्ये जुळवलेल्या ब्लोअरला तो नाही.

व्यावसायिक गाडी आहे, पासिंगला जावं लागतं. आणि अपघात झाला तर विमा कंपनीचा माणूस बोनेट उघडूनच बघतो. मालही तुमचा नाही, शेतकऱ्याचा आहे.

बीएस-६ गाड्यांना तर याचा विचारही करू नये. २०२० पासूनच्या या गाड्यांत काजळी अडवणारा डीपीएफ असतो. डिझेल वाढवून धूर काढला की तो तुंबतो, मग स्वतःला जाळून साफ करायला पुन्हा जादा डिझेल घेतो.

रिमॅप_झिंदाबाद, कराड

पासिंगवाले दादा, रिमॅपलाही हे लागू होतं का?

पासिंगवाला, सातारा

हॉर्सपॉवर आरसीच्या नोंदीपेक्षा बदलला तर प्रश्न येणारच. दिसत नाही म्हणून चालतं, एवढंच. विमा कंपनीला कळवलंय का तुम्ही? नसेल तर विचार करा, मनापासून सांगतो.

बेदाणा_एक्सप्रेस, तासगाव

मंडळी, गाडी मिरजेला नेली होती. एअर फिल्टर ठीक होता. हवेच्या पाइपांत कमी दाबाने धूर सोडून तपासलं, तर इंटरकूलरनंतरचा पाइप खालच्या अंगाला, क्लिपच्या जवळ चिरलेला निघाला. वरून हात फिरवला तर काही कळत नव्हतं. व्हॅक्यूमची नळीही कडक होऊन सैल बसली होती. दोन्ही बदलल्या, ईजीआर साफ केला. सगळं मिळून खर्च काही हजारांत आटोपला.

धूर गेला. काल भरल्या गाडीने खंबाटकी तिसऱ्यावर चढलो, वरच्या वळणालाच एकदा दुसरा टाकला. अ‍ॅव्हरेजचा आकडा आत्ता देत नाही, लोडसकट लिहून मग देतो. गॅरेजवाल्याला सुपरचार्जर नको म्हणून कळवलंय.

खातेवही, इस्लामपूर

छान झालं. मोजताना टाकी फुल ते फुल मोजा, शक्यतो एकाच पंपावर, पहिल्या कटला, म्हणजे पंपाचं नोझल पहिल्यांदा आपोआप बंद झालं की, थांबून. डॅशबोर्डवरच्या आकड्यावर जाऊ नका.

पंप_नोझल, मिरज

उत्तम. आता टर्बोची काळजी घ्या. घाट चढून आलात की लगेच चावी बंद करू नका, इंजिन मिनिटभर स्लोला राहू द्या. टर्बोचा पंखा मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो आणि त्याचं बेअरिंग तेलावरच तरंगतं. ऑइल कंपनीने सांगितलेल्या ग्रेडचंच आणि वेळेवर.

घाटवाट, वाई

अ‍ॅव्हरेज आणखी वाढवायचं असेल तर फुकटातले दोन उपाय. एक, हायवेला वेग. ६० वरून ८० वर गेलात की हवेचा विरोध पावणेदोन पटीच्या वर जातो आणि कॅरेटचा ढीग केबिनच्या वर असेल तर तो तुम्हाला जास्तच भोवतो. ताडपत्री ताणून बांधा, फडफडणारी ताडपत्री डिझेल खाते. दोन, टायरची हवा भरल्या गाडीच्या मापाने, टायर थंड असताना.

बेदाणा_एक्सप्रेस, तासगाव

वेगाचं जरा अवघड आहे. द्राक्षं पहाटेच्या लिलावाला पोचली नाहीत तर दर पडतो, तिथे ६० ने जाऊन चालत नाही. पण येताना घाई नसते, येताना करून बघतो. भरल्या गाडीला मागच्या टायरात किती हवा ठेवता तुम्ही लोक?

घाटवाट, वाई

दुसऱ्याचा आकडा घेऊ नका, गाडीगाडीचा आणि टायरटायरचा वेगळा असतो. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर नाहीतर गाडीच्या पुस्तकात भरल्या आणि रिकाम्या गाडीचा वेगळा आकडा दिलेला असतो. मागचा भरल्या गाडीचाच धरा. आणि पंपावरचा गेज खोटा दाखवतो का तेही बघा, स्वतःचा एक गेज केबिनमध्ये ठेवा.

माणदेशी_गडी, आटपाडी

गेज घेतला की सांगा, आमच्या पिकअपची पण हवा बघू. वाशीला कधी निघताय?

बेदाणा_एक्सप्रेस, तासगाव

परवा रात्री. आटपाडीची कॅरेट तासगावात आणून दिलीत तर हौद्यात जागा आहे, लोड मात्र काट्यावर करूनच घेणार.